सातबाऱ्यावरचं रान

आमच्या समोरचा डोंगर एके काळी बोडका होता, हे आता कुणाला सांगून पटत नाही. पोलादपूरहून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की कापड्याच्या आसपास दोन्ही अंगांना गच्च झाडी लागते. मुंबईची पाहुणेमंडळी तिथे गाडी थांबवतात, फोटो काढतात आणि म्हणतात, "काय जपलंय हो तुम्ही लोकांनी जंगल!" मी मान डोलावतो. खरं सांगायला बसलो तर त्यांना घाट चढायला अंधार होईल. आणि खरं असं, की आम्ही काहीएक जपलं नाही. आम्ही निघून गेलो, एवढंच आमचं कर्तृत्व.

माझ्या आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांचा जन्म कुठल्या सालचा ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. प्लेगच्या नंतरचा आणि पहिल्या लढाईच्या आधीचा, असा त्यांचा हिशोब. तेव्हा पोलादपूर हा महाडचा पेटा आणि जिल्हा कुलाबा. (१९८१ साली जिल्ह्याचं नाव रायगड झालं. आजी शेवटपर्यंत कुलाबाच म्हणायची. नाव बदलल्याचं तिला कुणी विचारलं नव्हतं, असं तिचं म्हणणं.) नदीच्या अंगाला भाताची थोडी खाचरं आणि बाकी सगळा वरकस. घरात माणसं फार आणि भात थोडा. त्यामुळे खरं पोट भरायचं ते डोंगरउतारावरच्या नाचणी-वरीने. पहिल्या साली नाचणी, दुसऱ्या साली वरी, तिसऱ्या साली जमीन दमली की कारळे किंवा तीळ, आणि मग काही वर्षं ती पट्टी सोडून द्यायची. सरकारी जंगलातही अशा लागवडीसाठी लोकांना 'दळी' जमिनी मिळालेल्या असत. आमची दळी होती की ती चुलत घराण्याची, यावर माझे वडील आणि काका भांडत असत. आता दोघेही नाहीत, म्हणून ती दोघांचीही होती असं मी धरून चालतो.

पण डोंगर बोडका व्हायला नाचणीपेक्षा राब जास्त कारण झाला असावा. ज्यांनी राब भाजलेला पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. माघ-फाल्गुनात आबा आणि काका कोयते घेऊन ऐनावर, किंजळावर चढायचे आणि फांद्या छाटून टाहाळ खाली टाकायचे. बुंधा तोडायचा नाही, शेंडाही ठेवायचा. त्यामुळे डोंगरावरचं प्रत्येक झाड मुंजीतल्या बटूसारखं, डोकं भादरलेलं आणि वर शेंडी, असं दिसे. बायका रानातून हारे भरभरून पातेरा गोळा करायच्या. मग रोपं करायच्या जागेवर खाली शेण, त्यावर टाहाळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. मातीशिवाय भडका उडतो आणि सगळं भर्रकन जळून जातं. माती असली की ते आतल्या आत धुमसतं, जमीन खोल भाजते, तणाचं बी मरतं. पेटवायचं वाऱ्याच्या उलट अंगाने. हे काम आबा स्वतः करत, कुणाला हात लावू देत नसत. पेटवून झाल्यावर उकिडवे बसून तंबाखू मळत आणि आगीकडे बघत राहत. तो वास, ओल्या शेणाचा, किंजळाच्या पाल्याचा आणि तापल्या मातीचा, मला अजून ओळखता येईल. मे महिन्यात सुट्टीला आलो की अख्ख्या खोऱ्यात निळसर धूर भरून राहिलेला असायचा. आम्हा पोरांना वाटायचं, उन्हाळा म्हणतात तो हाच.

दुसरं कारण कोळसा. यातलं मी फारसं पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे लोखंडी टाकीत कोळसा धुमसत ठेवलेला आणि चढावर उतारूंनी उतरून ढकललेली गाडी, हे दृश्य आबा अभिनयासकट सांगत. गाडी खोकते कशी, ड्रायव्हर शिव्या घालतो कशा. तो कोळसा आमच्यासारख्यांच्या डोंगरातून जायचा. ठेकेदार यायचे, कातकऱ्यांची बिऱ्हाडं भट्ट्यांवर बसायची. सहा-सहा महिने रानात राहून ती माणसं काळी होऊन निघत आणि हिशोब झाला की उलट देणंच निघे. आजीचं माहेर दासगावकडचं. तिच्या लहानपणी सावित्रीतून बाणकोटकडे जाणाऱ्या पडावांत कोळशाची पोती चढताना तिने पाहिली होती. ती म्हणायची, "मुंबईच्या चुली आमच्या डोंगरावं पेटल्या." मुंबईत पुढे आमचे वडीलही होते, लालबागच्या चाळीत, आणि त्यांच्या खोलीतल्या शेगडीत कोळसाच जळत होता. आपलाच डोंगर असंल, असं आजी गमतीने म्हणायची. कोण जाणे, असेलही.

त्याआधी इथे काय होतं? शाळेत शिकवतात ते जावळीचं खोरं. १६५६ साली शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली, प्रतापगड उभा राहिला आणि तीन वर्षांनी अफजलखान त्याच रानात उतरला. किर्र झाडी हे त्या लढाईतलं अर्धं सैन्य, असं आमचे गुरुजी सांगत. प्रतापगड आमच्या माथ्यावरच. उमरठ, तानाजीरावांचं गाव, आमच्याच तालुक्यात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आंब्या-फणसाला हात लावू नये, रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, अशा अर्थाची ताकीद आहे. आबांना आज्ञापत्र माहीत नव्हतं. पण टाहाळ छाटताना ते आंब्या-फणसाला आणि हिरड्याला कोयता लावत नसत. विचारलं तर म्हणत, "फळाचं हाय त्ये." एवढ्यावर विषय संपे.

वाघाची गोष्ट तर प्रत्येक घरात असते. आमच्या घरातली अशी: पणजी एकटी गोठ्यात धार काढत होती, वाघ दारात आला आणि तिने चुलीतलं कोलीत त्याच्या तोंडावर मारलं. आबांच्या गोष्टीत तो पट्टेरी वाघ होता, आजीच्या गोष्टीत बिबट्या. आणखी एक सांगायला हवं, की शेजारच्या वाडीत हीच गोष्ट त्यांच्या पणजीची म्हणून सांगतात, फक्त तिथे कोलिताऐवजी मुसळ आहे. पण वाघ होते हे नक्की. नाहीतर वरंधा घाटात वाघजाई कशाला बसली असती? तिचं नाव काढलं की आता लोकांना देवळाजवळची गरमागरम कांदाभजी आठवते, देवीचा वाघ आठवत नाही. मलाही आधी भजीच आठवते. कोळसुंद्यांच्या, म्हणजे रानकुत्र्यांच्या, टोळ्याही होत्या. ते झुडपांवर मुततात, सांबर तिथून गेलं की त्याच्या डोळ्यांत ते जातं आणि ते आंधळं होतं, असं आजी शपथेवर सांगे. खरं-खोटं प्राणिशास्त्रवाल्यांनी बघावं.

एवढ्या सगळ्या तोडीतही गावच्या वरच्या अंगाची देवराई शिल्लक राहिली. तिथलं वाळकं लाकूडही घरी न्यायचं नाही, देवळाच्या कामालाच वापरायचं. आत शिरलं की मे महिन्यातही अंगावर गारवा यायचा. आतल्या झऱ्यावर अख्ख्या वाडीचं पाणी. आमच्याच जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचं गाव आहे. १९७०च्या सुमाराला तिथल्या देवराईवर तोडीचं संकट आलं, तेव्हा गावकऱ्यांनी वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांना साकडं घातलं. गावचा ओढा त्या राईतूनच वाहायचा, ती गेली तर पाणी जाणार, हे त्यांचं साधं म्हणणं. या दोघांनी पुढे सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहिलं आणि शहरातल्या लोकांना देवराई हा शब्द कळला. आमच्या राईवर कुणी लिहिलं नाही. उलट देवळाचा जीर्णोद्धार करायचा म्हणून गावानेच त्यातली काही मोठी झाडं उतरवली. आता देऊळ सिमेंटचं आहे, खाली चकचकीत फरशी, आणि उन्हाळ्यात त्या फरशीवर पाय ठेववत नाही.

देवराईचं नाव निघालं की मला शेवळाची आठवण येते. मृगाच्या पहिल्या पावसानंतर राईच्या कडेला शेवळाचे तपकिरी-जांभळे कोंब वर यायचे. आजी पहाटे जाऊन ओचा भरून आणायची. शेवळाने घसा खाजतो, म्हणून त्यात काकडं घालायची. काकडाची हिरवी फळं ठेचून त्यांचा रस. त्यात सोडे किंवा सुकट, वाटलेलं खोबरं आणि चुलीवर मंद शिजवलेलं कालवण. सोबत तांदळाची भाकर. हे कालवण वर्षातून दोनदा-तीनदाच व्हायचं. जास्त काढायचं नाही, "बी ऱ्हायला होवं," असं ती म्हणायची. ती गेल्यावर आमच्या घरात शेवळं नीट कुणाला जमली नाहीत. डोंबिवलीच्या बाजारात आता जुड्या मिळतात, सोबत काकडंही बांधून देतात. आणतो, खातो. घसा थोडा खाजतोच.

डोंगर परत हिरवा व्हायला लागला तो कधी? तारीख सांगता येत नाही, पण गिरण्यांशी त्याचा संबंध आहे हे मी पैजेवर सांगेन. आमच्या खोऱ्यातली तरणी माणसं आधीपासूनच मुंबईला जात. पण तेव्हा बायका-मुलं गावी राहत आणि मनीऑर्डरीवर घर व नाचणीवर पोट चाले. मग मुलं शिकायला मुंबईत, त्यांच्यामागे आया मुंबईत. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा कित्येक जण गावी परतले. वाटलं, आता पुन्हा नांगर धरतील. काहींनी धरलाही. पण हातांची सवय मोडली होती, आणि रेशनवर गहू-तांदूळ मिळत असताना उभ्या चढावर नाचणी करणं पोरांना पटेना. सगळे पुन्हा गेले. कुणी वॉचमन झालं, कुणी भाजीच्या गाडीवर. बैल विकले. बैल नाहीत म्हणून शेण नाही, शेण नाही म्हणून राब नाही, राब नाही म्हणून टाहाळ छाटायला कुणी चढेना. त्यातच १९७५च्या खासगी वनांच्या कायद्याने पुष्कळ वरकसावर वनखात्याचा शेरा पडला होता. कायदा येणार या भीतीने कुणी कुणी आधीच झाडं विकून टाकली, असं काका सांगत, आणि नावंही घेत. ती नावं इथे नकोत.

मग झाडांनी आपलं काम सुरू केलं. आधी आली घाणेरी आणि रानमोडी, म्हणजे कुणालाच नको असलेली. मग करवंदीच्या जाळ्या. त्या काटेरी जाळ्यांच्या आत, गुरांच्या तोंडापासून सुरक्षित, जांभळीची आणि आळवाची रोपं. पण खरी गंमत ऐनाची. वर्षानुवर्षं भादरलेल्या त्या बुंध्यांची मुळं खाली जिवंत होती. छाटणी थांबल्यावर त्यांना असे फुटवे आले की दहा-पंधरा वर्षांत घराच्या ओटीवरून समोरची वाट दिसेनाशी झाली. आबा तेव्हा थकले होते. ओटीवर बसून ते डोंगराकडे पाहत आणि म्हणत, "माजलंय रान." त्यात कौतुक अजिबात नव्हतं. ज्या उतारावरचा दगड न् दगड त्यांनी वेचून बांध घातले होते, तो झाडीत गडप होताना ते पाहत होते. मला मात्र आनंद होत होता. मी मुंबईतून यायचो ना.

रान आलं तशी जनावरं आली. आधी वानरं, मग रानडुकरं, भेकर, साळिंदर. वरून महाबळेश्वरच्या अंगाने गवे उतरतात. बिबट्या तर आता गावच्या कुत्र्यांवरच जगतो म्हणा. माझ्या चुलतभावाने पाच-सहा वर्षांपूर्वी हौसेने नाचणी पेरली. डुकरांनी एका रात्रीत ती नांगरून ठेवली. पंचनामा, फोटो, अर्ज, सातबारा, बँकेचं पासबुक अशी कागदांची माळ लावून जी भरपाई मिळाली, तिच्यात बियाणं आणि दोन वेळचा मटणाचा बेत निघाला असता. तेव्हापासून त्याने नाचणीचं नाव टाकलंय. भाकरीचं पीठ तो महाडच्या दुकानातून आणतो.

लेकीने मला वाचायला 'वाइल्डिंग' नावाचं इंग्रजी पुस्तक दिलं, इझाबेला ट्री या बाईंचं. इंग्लंडच्या ससेक्समध्ये नेप नावाची त्यांची साडेतीन हजार एकरांची जमीन. शेती तोट्यात, म्हणून या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ती सोडली, कुंपणं काढली आणि जुन्या जातीच्या गाई, घोडी, डुकरं मोकळी सोडली. ती माती उकरतात, झुडपं मोडतात, त्यातून बाकीचं जगायला जागा होते. २०२० साली तिथे पांढऱ्या करकोच्यांची पिल्लंही निघाली, ब्रिटनमध्ये कित्येक शतकांनी. फार सुरेख पुस्तक आहे. वाचताना मी सारखा मनात म्हणत होतो, बाई, तुम्ही डुकरं विकत आणून सोडलीत, आमच्याकडे या, फुकट देतो. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. तिथेही माणसाने नुसती पाठ फिरवली नव्हती. कोणतं जनावर किती ठेवायचं, हे तिथे कुणीतरी रोज बघतं. आमच्याकडे ते कोण बघणार?

गिधाडांची गोष्ट म्हणूनच मला जवळची वाटते, कारण तिच्यात माणसं आहेत. माझ्या लहानपणी बैल मेला की त्याला माळावर नेऊन टाकत. दुपारपर्यंत आभाळात घिरट्या सुरू व्हायच्या, आणि संध्याकाळी तिथे हाडांशिवाय काही नसायचं. आम्ही पोरं लांबून नाक दाबून बघत असू. पांढऱ्या पाठीची ती अवजड पाखरं पंख पसरून एकमेकांना ढकलत. खाऊन झालं की उडताच यायचं नाही, धावत सुटायची. आजी ओरडायची, "बघू नका, सपनात येतील." यायचीच.

पण माळापर्यंत ते ढोर ओढायचं कोणी, ही गोष्ट महाडच्या माणसाने टाळून चालणार नाही. पिढ्यान् पिढ्या ते काम गावाने महारवाड्यावर लादलं होतं. मार्च १९२७मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेल्या ढोराचं मांस सोडा, ती ओढण्याचं हीन काम सोडा, असं आपल्या माणसांना सांगितलं. आबा तेव्हा पोरसवदा होते. आमच्या गावात ते लगेच झालं की चार-दोन वर्षांनी, हे मला नीट लागलेलं नाही. पण एका सकाळी आमच्या घरचा मेलेला पाडा घरच्याच माणसांना ओढावा लागला, हे आबांनी मला दोनदा तरी सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आवाजात कुरकुर होती. पुष्कळ वर्षांनी, आजारी असताना सांगितलं तेव्हा म्हणाले, "बरूबर व्हतं त्येंचं. आमचं ढोर, आमीच वढाया होवं." दुसऱ्यांदा मी काही विचारलं नाही.

पुढे गिधाडंच दिसेनाशी झाली. नव्वदच्या दशकात देशभरात ती शेकडा पंच्याण्णवहून जास्त घटली. कारण सापडलं २००४मध्ये. गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक, ते अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. मग लोक माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचू लागले, म्हणून २०१५मध्ये कुपी तीन मिलिलिटरची केली. २०२३मध्ये केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक यांवरही बंदी आली. हे झालं दिल्लीचं. महाडला सिस्केप नावाची संस्था आहे, प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांचे सोबती तिचं काम करतात. त्यांना म्हसळा तालुक्यात चिरगावच्या राईत घरटी दिसली. त्यांचं म्हणणं असं, की आपल्याकडे औषधाइतकीच उपासमार कारण आहे. गुरंच उरली नाहीत, मग मेलेलं ढोर मिळणार कुठून? म्हणून आसपासच्या गावांत कुणाचं जनावर मेलं की निरोप जायचा, आणि ही पोरं गाडी करून ते चिरगावला नेऊन टाकायची. ज्या कामाला एके काळी जात चिकटवली होती, ते काम आता महाडची सगळ्या जातींची पोरं नाकाला रुमाल बांधून हौसेने करतात. गावकऱ्यांनीही राई राखली. चिरगावात गिधाडं वाढली. ३ जून २०२०ला 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं आणि घरट्यांची मोठी झाडं मोडून पडली, तेव्हा मात्र मंडळी पुन्हा मागे फेकली गेली. वाढवायला वीस वर्षं आणि मोडायला एक दुपार.

सावित्रीतल्या सुसरींची गोष्ट मात्र वेगळी. त्यांना कुणी आणलं नाही, कुणी फार जपलंही नाही, त्या महाडच्या डोहांत टिकून राहिल्या. आजी धुणं धुताना पाण्याकडे पाठ करत नसे, ती सवय तिची मोरीतसुद्धा सुटली नाही. याच सुसरींवर २०२३ साली उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एक भटकं कुत्रं इतर कुत्र्यांच्या भीतीने पाण्यात उतरतं आणि तीन सुसरी त्याला न खाता नाकाने ढकलत काठाला लावतात, असा प्रसंग आहे. झेंडूच्या वाहत्या फुलांत त्या रमतात, असंही निरीक्षण आहे. आजीला हे सांगायला ती हवी होती. तिने विश्वास ठेवला नसता. ज्या सुसरीने शेजारणीचं लुगडं नेलं, तिला झेंडू आवडतो म्हणे!

घाटावर सरकारी कारभार चालू आहे तो मोठा आहे. १९८५चं कोयना अभयारण्य आणि चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. उठवलेल्या गावांच्या जुन्या शेतांवर आता गवताची कुरणं आहेत, गवे चरतात. नोव्हेंबर २०२५मध्ये ताडोब्यातून एक वाघीण चांदोलीत आणली. बातमी वाचली तेव्हा मला आधी त्या उठलेल्या गावांतल्या म्हाताऱ्या आठवल्या, वाघीण मागाहून. चांगलं काम आहे, व्हायलाच हवं. पण आमच्या खोऱ्यात तसं होणार नाही. इथे जमीन लोकांची आहे, लोक मुंबईत आहेत आणि रान मोकळं आहे.

मोकळ्या रानाला मोठं भय वणव्याचं. पूर्वी गवत कापून त्याच्या गंजी लागायच्या, उरलेलं गुरं खायची. आता पुरुषभर गवत तसंच वाळतं. फाल्गुनात कुणी शिकारीसाठी, कुणी पुढच्या साली कोवळं गवत यावं म्हणून, कुणी बिडीच्या नादात काडी टाकतो आणि रात्रभर डोंगरावर लाल रेघ सरकत राहते. राब पेटवताना वाऱ्याचा अंदाज घेणारे आबा नाहीत, काडी टाकणारे मात्र आहेत. वाडीत उरलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पोरं ओल्या डहाळ्यांनी आग झोडपतात. गेली काही वर्षं माघातच ती देवराईभोवती गवत साफ करून जाळरेषा काढतात. त्यांना चहा-भजी चुलतभाऊ पुरवतो.

आणि डोंगराचं भय. २००५ साली दासगाव-जुईकडे, २०२१च्या जुलैत तळिये, साखर, केवनाळे इथे डोंगर खाली आला. तळियेत ८०हून अधिक माणसं गेली. त्या दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि तिथलं पाणी सावित्रीने आमच्याकडेच यायचं. तेव्हापासून पावसाळ्यात फोन करताना मी आधी माणसांची चौकशी करत नाही. विचारतो, "डोंगर काय म्हणतोय?" चुलतभाऊ सांगतो, झऱ्याचं पाणी स्वच्छ आहे की गढूळ. गढूळ झालं की खाली शाळेत जायचं, हे ठरलेलं आहे.

आता आमच्या वरकसाला गिऱ्हाईक आलंय. पुण्याचे कुणी गृहस्थ, त्यांना तिथे निसर्गाच्या सान्निध्यात बंगले बांधायचेत. निसर्ग जरा सपाट करून घेतील, एवढंच. भाव चांगला सांगतात. चुलतभावाचं मन दोलायमान आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही, त्याच्या मुलीचं लग्न व्हायचंय. अडचण एकच आहे. सातबाऱ्यावर अजून आबांच्या वडिलांपासूनच्या वारसांची चाळीसच्या वर नावं आहेत. त्यांतली काही गेली, त्यांची मुलं नाशिकला, ठाण्याला, एक दुबईला. दोन आत्यांची घराणी एकमेकांशी बोलत नाहीत. सगळ्यांच्या सह्या एका कागदावर आणायच्या, हे काम जावळी घेण्यापेक्षा अवघड आहे. नेपच्या बाईंकडे साडेतीन हजार एकरांना एकच घर होतं, त्यांनी एका संध्याकाळी ठरवलं असेल. आमच्या आठ एकरांचं काही ठरतच नाही, आणि त्या न ठरण्यात ऐन चाळीस फूट उंच झालाय.

परवा चुलतभावाचा फोन आला होता. म्हणाला, "दादा, वाटपाचा अर्ज तरी करूया तहसीलला, किती दिवस असं?" मी म्हटलं, करूया की, पण आधी वंशावळ नीट जुळवायला हवी, दुबईवाल्याचं आधार कार्ड मागवायला हवं, आणि ते मागवायचं तर आधी दोन्ही आत्यांकडचं भांडण मिटायला हवं. तो हसला. मग म्हणाला, पाऊस झाला की ये, शेवळं काढून ठेवतो. काकडं मिळतील का, असं मी विचारलं, तर म्हणाला, वरकसात काकडाची झाडं आता रग्गड झालीत.